कंबरदुखीच्या गोळीची परीक्षा



कंबर दुखत नाही अशी आपल्यात कोण आहे? मीही दोन वर्षे दुकानातून सूज उतरवणाऱ्या गोळ्या आणून परस्पर घेत होते. पुढे शौचाला डांबरासारखे काळे होऊ लागले. लाजेने आठ दिवस घरात बोलले नाही. शेवटी चक्कर येऊन पडले, तेव्हा डॉक्टर म्हणाले, "पोटात जखम होऊन रक्त गेले आहे. गोळ्या बंद."

मी विचारले, "मग त्यांचा उपयोग तरी किती?" त्यांनी समजावले तेच सांगते.

बारा आठवड्यांहून जुने दुखणे असलेल्या रोग्यांचे चिठ्ठ्या टाकून दोन गट करतात. एकाला खरी गोळी देतात, दुसऱ्याला हुबेहूब तशीच, पण औषध नसलेली. कोणाला कोणती दिली हे रोग्यालाही कळू देत नाहीत आणि तपासणाऱ्यालाही नाही. कारण नुसत्या विश्वासानेही थोडे बरे वाटतेच. मग दुखणे शंभर गुणांच्या मापावर मोजतात. २०१६ साली अशा ६ परीक्षांचा, १३५४ रोग्यांचा, हिशेब एकत्र मांडला. खऱ्या गोळीचा सरासरी फायदा शंभरात सुमारे सातच गुण! आणि त्या परीक्षा काही आठवड्यांच्याच. मी मात्र दोन वर्षे गिळत होते.

गोळी वाईट नव्हे. पण डॉक्टरांना विचारून, थोडी आणि थोडेच दिवस घ्यावी. अंथरूण न धरता झेपेल तसे चालावे. आणि काळे दिसले तर, बायांनो, लाजू नका. त्याच दिवशी सांगा.