शेवग्याचा पाला
(धर्मग्रामाच्या सुवर्ण महोत्सवानिमित्त भरलेल्या महिलांच्या सभेंत झालेलें भाषण)



महोत्सवाच्या या आनंदाच्या दिवसांत देवालय शृंगारलें गेलें, गायनमंडळाच्या तालमी झाल्या, पंगतीचा बेतहि ठरला. अशा वेळीं एका पालेभाजीवर भाषण ऐकावयास आपणांस बोलाविलें, याचें कोणास हसूं आल्यास नवल नाहीं. परंतु ज्या घरांतील आई निरोगी नाहीं, त्या घरांत सणाचा दिवसहि थकव्यांतच जातो. म्हणून आरोग्याचा एक साधा विषय आज मुद्दाम घेतला आहे. तो म्हणजे शेवग्याचा पाला.

शेवगा ठाऊक नाहीं असें घर आपल्या वसई भागांत सांपडावयाचें नाहीं. वाडीच्या बांधावर, बावखलाच्या कडेला, विहिरीपाशीं, कोठें ना कोठें तो उभा असतोच. त्याच्या शेंगा आपण आवडीनें आमटींत व कालवणांत घालतों. उरल्या तर बाजारांत पाठवितों. पाला मात्र झडतो आणि केराबरोबर झाडला जातो. फार झालें तर शेळीपुढें पडतो. माझें सांगणें थोडक्यांत हेंच कीं, या झाडाचें जें आपण टाकितों, तें जें आपण ठेवितों त्याहून अधिक पौष्टिक आहे. आणि ज्यांना त्याची सर्वांत जास्त गरज आहे, त्या आपण स्त्रियाच आहों.

ही गरज किती मोठी आहे तें पाहा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९–२१ च्या पाहणींत, महाराष्ट्रांतील १५ ते ४९ वर्षें वयाच्या दर १०० स्त्रियांपैकीं सुमारें ५४ जणींच्या अंगांत रक्त कमी आढळलें. सहा महिन्यांपासून पांच वर्षांपर्यंतच्या बालकांत हाच आंकडा १०० मध्यें सुमारें ६९ होता. आधींच्या, म्हणजे २०१५–१६ च्या पाहणींत स्त्रियांचा आंकडा ४८ होता. तो कमी न होतां वाढला. जिना चढतांना धाप लागणें, उठतांना डोळ्यांपुढें अंधारी येणें, पापणीची आंतली बाजू फिकट दिसणें, हीं त्याचीं लक्षणें. आपण मात्र त्यास ‘बाईच्या जातीला असावयाचेंच’ असें म्हणून सोडून देतों. असावयाचेंच असें त्यांत कांहीं नाहीं. अशा आईच्या पोटीं मूल कमी वजनाचें जन्मण्याचा धोका असतो, आणि बाळंतपणांत थोडा रक्तस्राव झाला तरी तिच्या जिवावर बेतूं शकतें.

आतां या पाल्यांत काय आहे तें ऐका. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनें २०१७ सालीं भारतीय अन्नपदार्थांचे जे कोष्टक प्रसिद्ध केले, त्याप्रमाणें १०० ग्रॅम ताज्या पाल्यांत सुमारें ६ ग्रॅम प्रथिनें, ३०० मिलिग्रॅमच्या वर कॅल्शियम म्हणजे चुन्याचें द्रव्य, साडेचार मिलिग्रॅम लोह आणि १०० मिलिग्रॅमच्या वर ‘क’ जीवनसत्त्व असतें. शिवाय ज्यापासून आपलें शरीर ‘अ’ जीवनसत्त्व तयार करितें, तें कॅरोटीन त्यांत भरपूर आहे. ‘अ’ जीवनसत्त्व कमी पडलें म्हणजे मुलांस रातांधळेपणा येतो, आणि तो वाढूं दिल्यास डोळा कायमचा जाण्याचा संभव असतो. पालकांत ऑक्झॅलिक आम्ल फार असल्यामुळें त्यांतील चुना शरीरास थोडाच मिळतो. तेव्हां बाजारांतून पालक आणणाऱ्या भगिनीनें आपल्या दारांतील झाडाकडे एकदां वर पाहावें.

परंतु अतिशयोक्ति करूं नये. वयांत आलेल्या स्त्रीस दररोज सुमारें २९ मिलिग्रॅम लोह अन्नांतून मिळावें, असें भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेनें २०२० मध्यें ठरविलें आहे. जेवणांत एका माणसाच्या वाटेला ५० ग्रॅम पाला आला तर त्यांतून दोन-सव्वादोन मिलिग्रॅमच लोह येईल, आणि भाजीपाल्यांतील लोहाचा थोडाच भाग अंगीं लागतो. म्हणून सारें मर्म आहे तें रांधण्याच्या रीतींत.

पहिली गोष्ट, पाल्यास आंबटाची जोड द्यावी. ‘क’ जीवनसत्त्वामुळें लोह अंगीं लागण्यास मदत होते. परंतु तें उष्णतेनें नाश पावतें. यासाठीं भाजी चुलीवरून उतरल्यावर तिच्यावर लिंबू पिळावें, अथवा जेवणाबरोबर पेरू किंवा आंवळा खावा. दुसरी गोष्ट, मासळीची जोड. मासळी अथवा मांस बरोबर असल्यास पाल्यांतील लोह अधिक प्रमाणांत शोषलें जातें; म्हणून मूठभर सुकट भाजून पाल्यांत टाकावी. ही जोड स्वस्त आहे आणि आपल्या जिभेस रुचणारीहि आहे. तिसरी गोष्ट, चहा. जेवणाबरोबर किंवा जेवण होतांच घेतलेला चहा लोहास अडवितो. तो तासाभरानें घ्यावा. चौथी गोष्ट, तेल किंवा खोबरें थोडें तरी असावें; कारण स्निग्ध पदार्थावांचून कॅरोटीन नीट शोषलें जात नाहीं.

भाजीची साधी कृति अशी. कोंवळा पाला डहाळीसकट स्वच्छ धुवावा, मग पानें ओढून घ्यावीं व जाड काड्या टाकाव्या. थोड्या तेलांत ठेंचलेली लसूण, हिरवी मिरची व चिरलेला कांदा परतावा. त्यांत भिजविलेली मुगाची डाळ घालून पाण्याच्या हबक्यावर अर्धवट शिजूं द्यावी. नंतर पाला व मीठ घालून झांकण ठेवावें. पांच-सात मिनिटांत भाजी तयार होते. वरून ओलें खोबरें पेरावें. पावसाळ्यांत डाळीऐवजीं फणसाच्या उकडलेल्या आठळ्याहि चांगल्या लागतात. पाला उकळून त्याचें पाणी ओतून देऊं नये. तसें केल्यास सत्त्व पाण्याबरोबर जातें आणि ताटांत नुसता चोथा राहतो. बारीक चिरलेला पाला तांदळाच्या पिठांत मळून भाकरी करावी. भाजीस नाक मुरडणारीं मुलेंहि ती खातात. म्हाताऱ्या माणसांस व आजाऱ्यांस पेजेंत शिजवून द्यावा.

पाला जास्त असेल तेव्हां तो सावलींत सुकवून, कुटून, झांकणाच्या डब्यांत ठेवावा व आमटींत चमचाभर घालावा. उन्हांत सुकवूं नये. उन्हानें कॅरोटीन नाहींसें होतें. सुकविण्यांत ‘क’ जीवनसत्त्वहि बहुतेक जातें, म्हणून ताजा पाला केव्हांहि बरा. हल्लीं हीच भुकटी मोठ्या किंमतीस विकली जाते, आणि ती दुधाच्या व संत्र्याच्या इतक्या पट सत्त्वाची आहे अशा जाहिराती होतात. ही तुलना बहुधा कोरड्या भुकटीची आणि पाण्यानें भरलेल्या ताज्या पदार्थाची असते. चमचाभर भुकटी कांहीं पेलाभर दुधाची जागा घेत नाहीं.

इतर देशांतील कॅथलिक मातांनाहि हा पाला ठाऊक आहे. फिलिपाइन्समध्यें त्यास मालुंगाय म्हणतात, आणि कोंबडीच्या तिनोला नांवाच्या रश्श्यांत घालून बाळंतिणीस देण्याची तेथें चाल आहे. इकडे दक्षिण कोंकणांत आपले हिंदु बांधव गोकुळाष्टमीस याची भाजी करितात. उपवासकाळांतील शुक्रवारीं आपण मांस वर्ज्य करितों. त्या दिवशीं ही भाजी शोभून दिसेल. दानिएल व त्याचे सोबती यांनीं राजाचें पक्वान्न नाकारून दहा दिवस शाकभाजी व पाणी घेतलें, आणि ते इतरांहून तेजस्वी दिसले, ही पवित्र शास्त्रांतील कथा आपणांस ठाऊक आहेच.

दोन सूचना मात्र ध्यानांत ठेवाव्या. खावयाचा तो पाला. झाडाची साल व मूळ औषध म्हणून घरीं घेऊं नये, गरोदर स्त्रीनें तर मुळींच नाहीं. रक्त पातळ करण्याच्या गोळ्या ज्यांस चालू आहेत, त्यांनीं पालेभाज्यांचें प्रमाण एकदम वाढविण्यापूर्वीं डॉक्टरांस विचारावें. तसेंच भाजी हें गोळ्यांचें काम करीत नाहीं. गरोदरपणांत निदान १८० दिवस रोज लोहाची गोळी घ्यावयाची असते, आणि ती सरकारी दवाखान्यांत फुकट मिळते. ती घेऊन फळीवर ठेवूं नये.

शेवटीं मनांतलें बोलतें. आपल्या घरांत धनी आधीं जेवतात, मग मुलें, मग सासूबाई. आणि तवलींत उरेल तें सुनेच्या वाट्याला येतें. पाला कितीहि पौष्टिक असला तरी तो तिच्या ताटांत पोंचला नाहीं, तर आजचें माझें भाषण फुकट गेलें. म्हणून येथें बसलेल्या सासूबाईंना माझी हात जोडून विनंति आहे : भाजी झाली कीं सुनेची वाटी आधीं काढून ठेवा. आणि सुनांनों, ती वाटी मुलांस किंवा धन्यांस देऊन टाकूं नका. तुमच्या अंगांत रक्त असेल तर त्यांनाच तें लाभणार आहे.

शेवगा लावण्यास खर्च नाहीं. पहिला पाऊस पडला कीं मनगटाएवढ्या जाडीची, दोन-तीन हात लांबीची फांदी पाणी न तुंबणाऱ्या जागीं रोंवावी, म्हणजे ती जीव धरते. झाड उंच जाऊं न देतां वरून छाटीत राहावें, म्हणजे पाला हाताशीं येतो. लांकूड ठिसूळ असल्यानें मुलांस मात्र त्यावर चढूं देऊं नये. या महोत्सवाच्या वर्षांत ज्या घरीं झाड नाहीं तेथें शेजारणीनें एक फांदी पोंचती करावी, एवढेंच मागून मी आपली रजा घेतें. देव आपणां सर्वांस आरोग्य देवो.