यंत्र का तापेना?



आज आम्ही कॉफीच्या यंत्राची गोष्ट सांगतो. लग्नात, जत्रेत तुम्ही ते पाहिले असेल. उभी चकचकीत टाकी, वर काटा, बाजूला नळी. विजेच्या कॉईलने टाकीतले पाणी उकळते. वाफ दुधात सोडली, की फस्स आवाज होतो आणि कॉफीला फेस येतो.

आम्ही पाच जणींनी बचत गटाचे कर्ज काढून असे एक जुने यंत्र घेतले. जत्रेत दुकान मांडले. पहिला दिवस झकास गेला. दुसऱ्या दिवशी यंत्र तापेना! दिवा लागे, पण काटा शून्यावर. गिऱ्हाइके परत जाऊ लागली. एक जण म्हणाला, "कॉईल जळली. नवी घाला. दोन हजार काढा." आमच्या तोंडचे पाणी पळाले.

आमच्यातली थोरली म्हणाली, "बायांनो, चूल पेटली नाही तर आपण चूल मोडतो का? लाकूड ओले आहे का, राख साचली का, ते आधी बघतो. तसेच करू."

आम्ही बटण बंद केले. पिन काढली. त्याच सॉकेटात इस्त्री लावून पाहिली. ती तापली. म्हणजे वीज ठीक होती.

मग पिन पाहिली. यंत्राच्या पट्टीवर 2000 वॅट लिहिले होते. 230 व्होल्टवर असे यंत्र सुमारे 9 अँपिअर वीज ओढते. त्याला 16 अँपिअरचे मोठे सॉकेट लागते. लहान सॉकेट तापून वितळते. आमची पिन काळी पडली नव्हती. वायरही धड होती.

खोक्यात एक मराठी कागद होता. आमची धाकटी नुकतीच वाचायला शिकली होती. बोट ठेवून तिने वाचले, "पाणी रेघेच्या खाली गेल्यास कॉईल फार तापते व वीज आपोआप तुटते. यंत्र थंड करावे. पिन काढून तळाचे लाल बटण दाबावे."

आम्ही एकमेकींकडे पाहिले. रात्री गर्दीत पाणी भरायचेच राहिले होते!

यंत्र थंड झाले. पाणी भरले. कोरड्या हाताने बटण दाबले. टक् असा आवाज आला. पिन लावली, आणि थोड्या वेळाने काटा हलला. दोन हजार वाचले.

पण यंत्र सावकाश तापत होते. जत्रा संपल्यावर वायरमनदादांना दाखवले. कॉईलवर पांढरे कवच चढले होते. बोअरच्या जड पाण्यात चुना असतो. पाणी तापले, की तो कॉईलवर बसतो. मग उष्णता पाण्यात नीट जात नाही, आणि कॉईल आतल्या आत जळते. दादांनी कोमट पाण्यात लिंबूसत्व घालून टाकीत भरले. तासाभराने कवच सुटले. मग टाकी तीन वेळा धुतली.

मंडळी, एवढे लक्षात ठेवा.

पिन काढल्याशिवाय यंत्राला हात लावू नका.

ओल्या हाताने वीज हाताळू नका.

टाकी गरम असताना झाकण उघडू नका. वाफ भाजते.

जादा वाफ सोडणारी झडप कधी बांधू नका. टाकी फुटेल.

लाल बटण पुन्हा पुन्हा सुटले, तर जाणत्या माणसाला बोलवा.

आणि यंत्राबरोबरचा कागद फेकू नका. तो वाचा. आता तुम्हांला वाचता येते!

राम राम.