न दुखणारी जखम



मधुमेहाच्या पायाबद्दल डॉक्टर मंडळी माझ्यापेक्षा नीट सांगतील. मी सांगणार आहे ते २०२० च्या टाळेबंदीत मुंबईतल्या आमच्या वस्तीत पाहिलेलं.

मधुमेह जुना झाला की पाय बधिर होऊ शकतात. खडा टोचला, चटका बसला तरी कळत नाही. दुखत नाही म्हणून बाई दाखवत नाही, आणि तीच जखम चिघळते. आमच्या एक मावशी धुणीभांडी करायच्या. जोडव्याच्या बोटाखाली तळव्याला जखम होती, आठवड्यातून दोनदा ड्रेसिंगला जायच्या. मार्चअखेर कामं गेली, लोकल बंद, रुग्णालयातली बाह्यरुग्ण सेवाही बंद. सून घरीच पट्टी बांधू लागली. मी फोनवरून सांगत होते. जखमेचा फोटो पाठवा म्हटलं, तर स्मार्टफोन एकच आणि तो मुलाच्या खिशात! रात्री फोटो यायचे, ते मी ओळखीच्या डॉक्टरताईंना दाखवायचे.

खरा पेच निराळाच होता. तळव्याच्या जखमेवर भार न देणं हे निम्मं औषध. मावशींनी बसावं कसं? पहाटे नळ, सार्वजनिक संडास, रेशनची रांग. घरात नवरा आणि दोन मुलगे कामाविना बसलेले. आणि मी महिनाभर सुनेलाच शिकवत राहिले! समानतेची शिबिरं घेणाऱ्या मला मुलाला शिकवायचं सुचलं नाही. मग सांगितलं, तर तो चार दिवसांत शिकला. हंडेही आणू लागला, पण अंधारात, कुणी पाहू नये म्हणून.

बोट सुजलं, जोडवं रुतलं. नवरा जिवंत असताना काढणार नाही, असं मावशी म्हणायच्या. शेवटी नवऱ्यानेच सोनाराकडून कापून आणलं. तोवर बोट काळं पडलं होतं. ते काढावं लागलं. पाय वाचला.

आपल्या बैठकांत आपण वजन करतो, रक्तदाब मोजतो. चपला दाराबाहेर काढून बसलेल्या बायांचे तळवे कुणी बघत नाही. आमच्या गटात आता दर बैठकीला बघतो. एक आरसा जमिनीवर ठेवतो, बोटांच्या बेचकीतही पाहतो. घरात घालायला मऊ चप्पल ठेवा म्हटलं की देवाचा प्रश्न येतो. देवघरापुरती काढा, इतपत तडजोड झाली आहे. मावशी आरसा पुसून ठेवतात.