शेताच्या बांधाशी थांबणारा कायदा



माझ्या मागे जो विटांचा खांब आणि त्याच्या टोकावरचा लोखंडी दांडा दिसतोय, ते काला अंब. पानिपत शहराबाहेरची ही जागा. इथे आंब्याचं झाड होतं आणि रणातल्या रक्तानं ते काळं पडलं, असं लोक सांगतात. १४ जानेवारीला इथे महाराष्ट्रातून माणसं येतात, पाय ठेवायला जागा नसते. आज ऑक्टोबर आहे, शुकशुकाट आहे, आणि कुंपणापलीकडे बासमती कापणीला आलाय. मी बोलणार आहे तो त्या बासमतीबद्दल.

अन्नाच्या सुरक्षेवर बोलायला ही जागा कशाला, असं तुम्हाला वाटेल. मी फौजेत रसद खात्यात होतो. त्यामुळे पानिपत आठवलं की मला आधी तोफा आठवत नाहीत, दाणागोटा आठवतो. १७६०च्या ऑक्टोबरात भाऊसाहेबांनी कुंजपुरा घेतला, तिथलं धान्य हाती आलं. त्याच महिन्यात अब्दालीनं बागपतजवळ यमुना ओलांडली आणि दिल्लीची वाट तोडली. डिसेंबरात रसदीची जबाबदारी असलेले गोविंदपंत बुंदेले मारले गेले. मग छावणी उपाशी पडली. १४ जानेवारीला लढायला निघालेलं ते सैन्य पोटात काही नसलेलं सैन्य होतं. अन्न येतं कुठून आणि वाटेत त्याचं काय होतं, हा प्रश्न मला तेव्हापासून... म्हणजे १७६१ पासून नव्हे, नोकरीला लागल्यापासून चिकटलेला आहे.

आमच्याकडे ताजा भाजीपाला तपासून घ्यायचा नियम. आकार बघायचा, टवटवीतपणा बघायचा, कीड बघायची. एकदा एका स्टेशनवर फुलकोबीचा ट्रक आला. इतका देखणा माल, एका गड्ड्यात अळी सापडेल तर शपथ. मी खूश होऊन सही केली. शेजारी उभे असलेले सुभेदार साहेब घरचे शेतकरी. ते हळूच म्हणाले, "साहब, जो कीड़े ने भी छोड़ दी, वो हम जवान को खिला रहे हैं." सही तर झाली होती. माझ्याकडे तराजू होता, डोळे होते, नियमांचं पुस्तक होतं. पण ती कोबी शेतात असताना तिच्यावर काय मारलं, कधी मारलं, हे विचारायची सोय त्या पुस्तकात नव्हती.

निवृत्तीनंतर मी देशाचा कायदा वाचायला घेतला, तेव्हा तिथेही तीच गोष्ट दिसली. अन्न सुरक्षा आणि मानके कायदा २००६ सालचा. त्याखाली एफएसएसएआय हे प्राधिकरण आलं. त्याच्या कलम १८ मध्ये एक पोटकलम आहे. त्यात स्पष्ट म्हटलंय की हा कायदा शेतकऱ्याला, मच्छीमाराला, शेतीच्या कामांना, उभ्या पिकांना आणि जनावरांना लागू नाही. 'प्राथमिक अन्न' याची व्याख्या तर आणखी बोलकी आहे. शेतात पिकलेलं, गोठ्यात दुभलेलं, पाण्यातून काढलेलं ते प्राथमिक अन्न, पण शेतकरी आणि मच्छीमार सोडून दुसऱ्या कुणाच्या हातात असेल तेव्हाच! म्हणजे टोमॅटो माझ्या भावाच्या क्रेटमध्ये आहे तोवर कायद्याच्या लेखी ते प्राथमिक अन्न नाही. आडत्याच्या गाळ्यावर उतरला, की झालं.

याला हसू नका. हे शहाणपणानंच केलेलं आहे, असं माझं मत आहे. २०१५-१६च्या कृषी गणनेप्रमाणे देशात साडेचौदा कोटींहून अधिक वहिवाटदार आणि त्यातले ८६ टक्के अल्प आणि अत्यल्प भूधारक. एवढ्या बांधांवर अन्न निरीक्षक पाठवायचा म्हटलं, तर एक तर तो पोचणार नाही, आणि पोचला तर काय करेल ते तुम्हा-आम्हाला ठाऊक आहे.

पण विष तर बांधाच्या आतच मारलं जातं. मग त्यावर नजर कुणाची? कीटकनाशकाची नोंदणी करणारी समिती फरिदाबादला, कृषी मंत्रालयाखाली, १९६८च्या कीटकनाशक कायद्यानं चालणारी. कोणतं औषध कोणत्या पिकावर, किती आणि तोडणीच्या किती दिवस आधी थांबायचं, ते लेबलवर लिहून देणारी ती. अन्नात त्याचा किती अंश चालेल हे ठरवणारं एफएसएसएआय दिल्लीत, आरोग्य मंत्रालयाखाली. दुकानातल्या औषधाचा नमुना घेणारा निरीक्षक राज्याच्या कृषी खात्याचा. बाजारातल्या भाजीचा नमुना घेणारा राज्याच्या अन्न प्रशासनाचा. फौजेत एका मोर्चावर चार कमांडर नेमले तर काय होतं, ते या मैदानापेक्षा कुणाला जास्त ठाऊक असणार?

आता हा बासमती बघा. भातावर करपा येतो, त्यावर ट्रायसायक्लाझोल नावाचं बुरशीनाशक मारतात. युरोपात तांदळातली त्याची मर्यादा किलोला १ मिलिग्रॅम होती. २०१८ उजाडताना ती ०.०१ वर आणली. सोप्या हिशेबात सांगतो: आधी एक टन तांदळात एक ग्रॅम चालत होतं, आता शंभर टनांत एक ग्रॅम. मग धावपळ झाली. मेरठजवळ मोदीपुरमला बासमती निर्यातीसाठीचं प्रतिष्ठान आहे, तिथली माणसं गावोगाव शेतकऱ्यांना समजावू लागली. शेजारच्या पंजाबनं कापणीआधीच्या ६० दिवसांसाठी काही औषधांच्या विक्रीवरच बंदी घालायला सुरुवात केली. यात शेतकऱ्यावर खटला नाही. दुकानाचं शटर आणि गिऱ्हाईकाची अट, या दोन गोष्टींनी शेत हललं.

आपल्याकडे द्राक्षाची गोष्ट याहून जुनी. २००३ साली युरोपात आपल्या द्राक्षांत औषधांचे अंश सापडले आणि बोंब झाली. मग अपेडानं देखरेखीची योजना आणली, पुण्याच्या मांजरीतलं राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र त्यातली मुख्य संदर्भ प्रयोगशाळा झालं, आणि पुढे ग्रेपनेट आलं. निर्यातीच्या बागेची प्लॉटवार नोंदणी, फवारणीची वही, कृषी खात्याची पाहणी, तोडणीआधी प्रयोगशाळेचा माणूस येऊन नमुना घेणार. अंश जास्त निघाला तर तो प्लॉट अडतो. पेटीवरच्या नंबरावरून माल नेमक्या बागेपर्यंत मागे नेता येतो.

तरी २०१० साली ठेच लागलीच. वेलीची वाढ आवरायला वापरायचं क्लोरमेक्वाट क्लोराइड, बागायतदार त्याला सीसीसी म्हणतात, ते युरोपात सापडलं आणि कंटेनर अडकले. आपल्या प्रयोगशाळांनी नमुने तपासले होते. पण तपासायच्या यादीत ते रसायनच नव्हतं! निफाडकडचे माझे मावसभाऊ त्या वर्षीचं नाव काढलं की अजून गप्प होतात. बाग त्यांची, कर्ज त्यांचं, आणि यादी दुसऱ्याची.

याच भावाला मी मागच्या हंगामात विचारलं, "अण्णा, वही दाखव." त्यांनी निर्यातीच्या प्लॉटची वही काढली. तारीख, औषध, प्रमाण, सगळं सुवाच्य. मी म्हटलं, "आणि त्या पलीकडच्या बागेची?" "ती लोकलची. तिला कोण विचारतंय?" पलीकडची बाग म्हणजे दिल्लीला आझादपूर मंडीत जाणारी. म्हणजे माझ्या घरी येणारी. एकाच माणसाची, एकाच विहिरीच्या पाण्यावरची. अण्णा लबाड नाहीत. त्यांना एका बाजूनं कुणी विचारतं आणि दुसऱ्या बाजूनं कुणी विचारत नाही, एवढंच.

दुधाचंही तसंच. दुधाचं नाव निघालं की आपण पाणी आणि युरियावर घसरतो. एफएसएसएआयनं २०१८ साली देशभरातून ६,४३२ नमुने घेतले. भेसळीमुळे असुरक्षित निघाले फक्त १२. अफ्लाटॉक्सिन एम-१ मर्यादेबाहेर निघालं ३६८ नमुन्यांत. हे कुणी मिसळत नाही. बुरशी लागलेली पेंड, ओला मका, भिजलेला चारा जनावरानं खाल्ला की ते दुधात उतरतं, आणि दूध उकळून जात नाही. म्हणजे दोष गोठ्यात, आणि गोठा कायद्याबाहेर. प्राधिकरणाला मग पशुखाद्याच्या मानकाकडे वळावं लागलं.

फौजेनं यावर एके काळी आपला मार्ग काढला होता. १८८९ मध्ये अलाहाबादला पहिलं मिलिटरी फार्म निघालं. चारा आपला, गाय आपली, डॉक्टर आपला, दूध आपलं. १३२ वर्षं ते चाललं आणि ३१ मार्च २०२१ रोजी बंद झालं. खर्चाचा हिशेब असेल, मी त्यावर टीका करत नाही. पण त्या दुधाची साखळी चाऱ्यापासून एका हातात होती, हे मी बघितलंय.

युरोपात २००४च्या स्वच्छता नियमावलीनं शेतकऱ्यालाच फवारणीची आणि जनावरांच्या औषधांची नोंद ठेवायला बांधलंय. ते जसंच्या तसं इथे आणा, असं मी म्हणणार नाही. माझं मागणं छोटं आहे. कृषी सेवा केंद्रात औषध विकताना पिकाचं नाव आणि थांबायचे दिवस बिलावर मराठीत लिहिले जावेत, आणि बाजार समितीत उतरलेल्या मालाचा नमुना नापास झाला तर त्याची बातमी आडत्यावरच न अडकता त्या गावच्या कृषी सहायकापर्यंत जावी. दंडासाठी नव्हे, कोणतं औषध चुकतंय ते कळावं म्हणून. आणि हे शेतकऱ्याच्याही भल्याचं आहे. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारताना विषबाधा होऊन वीसहून अधिक माणसं गेली. अंश खाणाऱ्याच्या ताटात येण्याआधी पूर्ण डोस त्यांनी घेतला होता.

मागच्या भागानंतर बऱ्याच जणांनी विचारलं की फळं मिठाच्या पाण्यात धुतली तर चालेल का. धुवा, वरची धूळ आणि वरवरचं औषध बरंचसं जातं. आंतरप्रवाही औषध झाडाच्या रसातून गरात गेलेलं असतं, ते नळाखाली निघत नाही.

मघाशी त्या कडेच्या शेतातल्या शेतकऱ्याशी बोललो. घरच्या तांदळासाठी त्यानं कोपऱ्यात दोन वाफे वेगळे ठेवलेत. मी विचारलं, त्यावर काय मारता? तो हसला आणि म्हणाला, "फौजी साहब, वो तो घर का है." मग त्याचं त्यालाच काय वाटलं कोण जाणे, खिशातून औषधाच्या दुकानाचं बिल काढून त्यानं मला वाचायला दिलं. त्यावर फक्त रक्कम होती.