डोळ्याला डंख झाला तर



आज कीर्तनाला नाही, चार शब्द बोलायला मला उभं केलंय. मी चौथी शिकलेला माणूस, जे भोगलं तेच सांगतो. माझ्या उजव्या डोळ्यात फूल आहे, ते तुम्ही सगळे बघता. ते जन्माचं नाही.

बारा वर्षं झाली. बांधावरची बोर छाटत होतो. आत गांधीलमाशीचं पोळं. एक माशी नेमकी बुबुळावर डसली. आग अशी, की कोयता टाकून खाली बसलो. शेजारच्या आजीनं शेळीचं दूध सोडलं, एकानं पाल्याचा रस पिळला. तिसऱ्या दिवशी दुकानातून थेंब आणले, डॉक्टरची चिठ्ठी नाही काही नाही. लाली उतरली. मी खूश!

पण मग बुबुळावर पांढरा ठिपका आला, उजेड सोसेना. डोळ्याच्या डॉक्टरकडे गेलो तो नववा दिवस. त्यांनी ठिपका खरवडून तपासला. म्हणाले, बुरशी आहे. पिकावर पडते तशी डोळ्यातही पडते. डंखाच्या जखमेतून शिरते, पाल्याच्या रसातूनही जाते. दुकानातले थेंब स्टेरॉइडचे निघाले. त्यानं लाली दबते, पण बुरशीला रान मोकळं होतं. पुढं तासातासाला औषध, रात्रीसुद्धा. मंडळी गजर लावून उठायची. दोन महिने गेले. डोळा राहिला, नजर अर्धी गेली. आजीला बोल लावत नाही, तिनं मायेनं केलं. डोळा पुढं मीच केला होता.

हे इथं सांगतो, कारण आपला मुक्काम झाडाखाली पडतो. चुलीचा धूर आग्या मोहोळाला लागला की माशा उठतात. आधी वर बघा, मग चूल मांडा. डोळ्याला डंख झालाच तर चोळू नका, स्वच्छ पाण्यानं धुवा. मधमाशीचा काटा आत राहतो, तो चिमट्यानं ओढू नका. दूध, मध, रस काही नको. त्याच दिवशी डोळ्याचा डॉक्टर गाठा. आणि दम लागला, घसा सुजला, तर डोळा राहू द्या, आधी दवाखाना.

मागच्या वारीत एका माऊलीला असंच झालं. ती म्हणे, वारी मोडते. विणेकऱ्यांना सांगून मीच तिला जीपमधून नेलं. तिसऱ्या मुक्कामाला ती परत आली, डोळ्याला काळा चष्मा, डोक्यावर तुळस.