गाडीचे रेडिएटर आणि आत अडकलेली हवा
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



भाषण करण्याची माझी ही पहिलीच खेप. शिक्षण म्हणाल तर सातवीपर्यंत. लोणच्याची कृती सांगा म्हटले असते तर मला सोपे गेले असते, पण अध्यक्षीणबाई म्हणाल्या, "तुमच्या घरी ट्रक आहे, त्याचेच काही सांगा." आणि खरेच आहे, आपल्यातल्या कितीतरी जणींची चूल गाडीवर पेटते. न्हावाशेवाचे बंदर १९८९ साली सुरू झाले, तेव्हापासून पनवेलात गाडीवाल्यांची घरे वाढतच गेली. गाडी पुरुषांची असे आपण म्हणतो, पण ती बंद पडली की बांगड्या बायकांच्या जातात. माझ्या दोन गेल्या, त्याचीच ही हकीकत.

आमची एकच गाडी. हे स्वतः चालवतात, बरोबर क्लीनर म्हणून एक एकोणीस वर्षांचा मुलगा असतो. गेल्या वर्षी चैत्रात गाडी गरम व्हायला लागली. रेडिएटर म्हणजे गाडीच्या तोंडाशी असलेली जाळी. इंजिनातले तापलेले पाणी तिच्या बारीक नळ्यांतून खाली येते, समोरचा वारा आणि मागचा पंखा त्याला निववतो, आणि वॉटर बॉडी, म्हणजे पाण्याचा पंप, ते पुन्हा इंजिनात ढकलतो. आमच्याकडे वर्षानुवर्षे जिथे मिळेल तिथले बोअरिंगचे पाणी ओतत होते. आपल्या पाणी तापवायच्या भांड्याला आतून पांढरा थर धरतो ना, तसा त्या नळ्यांना धरला. निम्म्या नळ्या बुजल्या, खालून एक गळू लागली. मिस्त्री म्हणाले, हे आता बदलायलाच हवे.

त्या दिवशी डबा घेऊन मी गॅरेजवर गेले होते, म्हणून सगळे पाहिले. खालची तोटी सोडून पाणी काढले, ते आमच्याच तेलाच्या पंधरा लिटरच्या डब्यात धरले. एक डबा भरला, दुसऱ्यात तांब्या-दोन तांब्यांइतके आले. मग वरचा आणि खालचा रबरी पाइप सोडला, पंख्याभोवतीचे कडे काढले, बाजूच्या पट्ट्या आणि खालचे बोल्ट काढले आणि दोघांनी जाळी उचलून बाहेर घेतली. नवी बसवली, पाइपांना नव्या क्लिपा लावल्या. इथवर सगळे ठीक. मग मिस्त्रींनी पाणी भडाभडा ओतले. तोंडाशी आले, झाकण लावले, संपले. मी पाहिले तर पहिल्या डब्यातलेसुद्धा चार-पाच लिटर शिल्लक! मी म्हटले, "भाऊ, निघाले जास्त आणि गेले कमी, असे कसे?" ते हसले, म्हणाले, "वहिनी, हे स्वयंपाकघर नाही." यांनीही माझ्याकडे पाहिले. मी गप्प बसले. अजून मला त्याचेच वाईट वाटते.

दुसऱ्या दिवशी माल भरून पुण्याकडे निघाले. खोपोली सोडली की बोरघाट. १८३० साली हा गाडीरस्ता खुला झाला, तेव्हा चढावर बैल थकत, आता इंजिने थकतात. शिंग्रोबाला नाणे टाकून हे वर चढू लागले. काटा म्हणे खालीच होता, आणि मग एकदम वर उडाला. गाडी बाजूला घेईपर्यंत बॉनेटमधून वाफ. हे टायरला दगड लावायला उतरले, तेवढ्यात त्या पोराने फडके घेऊन झाकण फिरवले.

कुकरची शिटी होण्याआधी झाकण उघडायला आपण कुणी धजतो का? रेडिएटरचे झाकणही तसेच दाब धरून ठेवते, त्यामुळे पाणी शंभर अंशांच्या पुढे जाऊनही उकळत नाही. झाकण सुटले की ते सगळे एका क्षणात उसळते. पोराचा हात कोपरापर्यंत भाजला. यांच्याकडे पिण्याच्या पाण्याचा कॅन होता, तो यांनी हातावर सावकाश ओतला, तेवढे सुचले. भाजल्यावर वीस मिनिटे साधे गार पाणी घालावे. हळद, दात घासायची पेस्ट, बर्फ काही लावू नये, असे मला नंतर डॉक्टरीणबाईंनी सांगितले. हात वाचला, पण दोन महिने त्याला घरी बसावे लागले. इंजिनाचे हेड गॅस्केट उडाले, तेलात पाणी जाऊन त्याचे ताक झाले. हप्त्याची तारीख ५. बांगड्या तेव्हा गहाण गेल्या.

हेड दुरुस्त झाल्यावर गाडी भरायला आम्ही एका म्हाताऱ्या मिस्त्रींना दारात बोलावले. डबे मोजल्याचे मी त्यांना सांगितले. ते म्हणाले, "पोरी, तू बरोबर होतीस. ती चार-पाच लिटर जागा हवेने धरली होती." देहरंगचे पाणी आटते तेव्हा आपल्याकडे नळ एक दिवसाआड येतो. येताना तो आधी खोकतो, फुसफुसतो, मग धार लागते. तीच हवा. इंजिनात पाण्याच्या वाटेवर थर्मोस्टॅट नावाची झडप असते. गार असताना ती बंद, म्हणून वरून ओतलेल्या पाण्यामागे हवा इंजिनात कोंडते. पंपाला हवा ढकलता येत नाही. जिथे हवा तिथे लोखंड कोरडे तापते, आणि काट्याची सुई पाण्यात नसली तर ती खोटे बोलते. म्हणून घाटात काटा खाली होता.

त्यांनी गाडीचे तोंड चढाकडे करून लावली, म्हणजे भरायचे तोंड सगळ्यांत उंच. कूलंट आणि डिस्टिल्ड पाणी निम्मे-निम्मे. बोअरिंगच्या पाण्याचे नावसुद्धा काढू नका म्हणाले. थर्मोस्टॅटच्या घराजवळचा छोटा स्क्रू ढिला केला. ओतायचे काम माझ्याकडे. माप माझ्या दुधाच्या लिटरच्या भांड्याचे, आणि ते म्हणतील तेव्हाच ओतायचे. स्क्रूतून आधी फुसफुस, मग बुडबुडे, मग अखंड धार आली तेव्हा तो आवळला. मग झाकण उघडे ठेवून इंजिन हळू चालू केले. वरचा पाइप हाताने दाबत राहिले; प्रत्येक दाबाला तोंडाशी एक बुडबुडा. वीसेक मिनिटांनी वरचा पाइप एकाएकी गरम झाला. झडप उघडली होती. पाणी सपकन खाली बसले. पुन्हा भांडी ओतली. बुडबुडे थांबले तेव्हा झाकण लावले. मोजले तर सतरा भांडी नि वर थोडे. यांनी ते आकडे वहीत लिहून ठेवले, मला न सांगता.

एक सांगायचे राहिले. काढलेले कूलंट हिरवे आणि चवीला गोडसर असते, आणि ते विष आहे. कुत्री-मांजरे चाटतात, लहान मुलांना सरबत वाटते. आम्ही झाकणाच्या कॅनमध्ये भरून उंचावर ठेवले आणि गॅरेजमध्ये नेऊन दिले. गटारात ओतू नका.

दुसऱ्या दिवशी सकाळी, इंजिन पूर्ण गार असताना, मीच झाकण उघडून पाहिले. पातळी वाटीभर उतरली होती. तेवढी घातली. त्याच आठवड्यात गाडी माल घेऊन घाट चढली. क्लीनर पोर आषाढात कामावर परत आला. एक बांगडी सुटली आहे, दुसरी दिवाळीपर्यंत सुटेल असे हे म्हणतात.