दुसरा सर्व्हर कशासाठी?

ऑफिसात, कॉलेजात किंवा इस्पितळात सकाळी आपण कॉम्प्युटर सुरू करतो आणि पासवर्ड टाकतो. तो बरोबर आहे की नाही हे समोरचं यंत्र ठरवत नाही. ते नेटवर्कवरच्या एका वेगळ्या सर्व्हरला विचारतं आणि त्याचा होकार आला की आपल्याला आत घेतं. यात सोय मोठी आहे. कुणी नोकरी सोडून गेलं की एकच नोंद बंद केली म्हणजे झालं. पण हा सर्व्हर पडला तर फाइली, प्रिंटर, वाय-फाय सगळं धडधाकट असूनही कुणाच्याच उपयोगाचं राहत नाही. म्हणून १९८०च्या दशकात अमेरिकेतल्या एमआयटीमध्ये कर्बेरॉस ही ओळख पटवण्याची व्यवस्था घडली तेव्हाच मुख्य सर्व्हरच्या जोडीला त्याची प्रत बाळगणारे दुय्यम सर्व्हर ठेवण्याची सोय तिच्यात होती. आज दोन सर्व्हर असणं ही सर्रास पद्धत आहे. माझं म्हणणं एवढंच, की दोन्ही एकाच कारणाने पडणार असतील तर ते दोन असून नसल्यासारखे आहेत, आणि बहुतेक ठिकाणी हे कारण शोधायचं राहून जातं.

२७ जून २०१७ रोजी मर्स्क या डॅनिश जहाज कंपनीवर काय ओढवलं ते पाहा. युक्रेनमधल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरमधून पसरलेल्या नॉटपेट्या या घातक प्रोग्रॅमने तिचे कॉम्प्युटर पुसून टाकले. आपल्या न्हावा-शेवा बंदरातल्या तिच्या टर्मिनलचं कामही त्यात विस्कळीत झालं. कंपनीकडे लॉगइन तपासणारे डोमेन कंट्रोलर जगभरात मिळून सुमारे दीडशे होते. एक गेला तर बाकीचे आहेतच, या भरवशावर ते एकमेकांशी सतत नोंदी जुळवून घेत. पण सगळे एकाच जातीचे, एकाच जाळ्यात गुंफलेले, त्यामुळे ते सगळे एकदमच गेले. वाचला फक्त घानामधला एक, तोही तिथली वीज गेल्यामुळे त्या वेळी नेटवर्कपासून तुटला होता म्हणून. त्यातली माहिती इंग्लंडला नेऊन बाकीची व्यवस्था पुन्हा उभी करावी लागली. दीडशे प्रती होत्या, पण जाळ्याबाहेर मुद्दाम ठेवलेली एकही नव्हती. नोंदी जुळवणारा सर्व्हर चांगला बदल जितक्या निष्ठेने उचलतो तितक्याच निष्ठेने चुकीचाही उचलतो. चुकून शंभर खाती पुसली गेली, तर ती काही वेळात सगळीकडेच पुसली जातात. म्हणून जोडीचा सर्व्हर असला तरी वेगळा, नेटवर्कला न जोडलेला बॅकअप लागतोच.

आता आपल्याकडचं एखादं साधं कॉलेज घ्या. दोन सर्व्हर एकाच खोलीत, एकाच यूपीएसवर, एकाच स्विचला जोडलेले. दोघांची डिजिटल प्रमाणपत्रं एकाच दिवशी काढलेली, म्हणजे ती संपणारही एकाच दिवशी. कर्बेरॉसमध्ये घड्याळांत साधारणपणे पाच मिनिटांपेक्षा जास्त फरक चालत नाही. दोन्ही सर्व्हर एकाच बिघडलेल्या घड्याळावरून वेळ घेत असतील तर दोन्ही एकदम लोकांना परत पाठवू लागतात. याहून फसवी गोष्ट वाय-फायची. वाय-फायची यंत्रं बहुधा रेडियस या पद्धतीने सर्व्हरला विचारतात. उत्तर आलं नाही तर थोडं थांबतात, पुन्हा विचारतात आणि मग यादीतल्या दुसऱ्या सर्व्हरकडे वळतात. पण पहिला सर्व्हर जिवंत असून त्याचा खात्यांच्या यादीशी संबंध तुटला आणि तो सरसकट 'नाही' म्हणू लागला, तर यंत्राच्या लेखी ते उत्तरच असतं. मग शेजारचा सर्व्हर ठणठणीत असून त्याला कुणी विचारतच नाही.

यावर पहिला आक्षेप खर्चाचा. तो मला फारसा पटत नाही. पासवर्ड तपासणं हे यंत्राला हलकं काम आहे, जुना कॉम्प्युटरही ते करतो. तो दुसऱ्या इमारतीत, दुसऱ्या वीजजोडणीवर ठेवणं महत्त्वाचं. दुसरा आक्षेप मात्र भक्कम आहे: प्रत्येक नवी प्रत म्हणजे सगळ्यांची गुपितं चोरीला जाण्याची आणखी एक जागा. हे खरं आहे, आणि कुलूप नसलेल्या खोलीत दुसरा सर्व्हर ठेवण्यापेक्षा तो नसलेला बरा. पण उपाय आहे. विंडोज सर्व्हर २००८पासून केवळ वाचता येणारा डोमेन कंट्रोलर मिळतो, ज्यात ठरवून दिलेल्या खात्यांचेच पासवर्ड साठतात. तिसरं म्हणणं, की हे सगळं क्लाउडवर सोपवावं. १४ डिसेंबर २०२० रोजी, भारतात संध्याकाळ होत असताना, गुगलची खाती ओळखणारी यंत्रणा सुमारे पाऊण तास अडखळली आणि जीमेल, ड्राइव्ह जगभर थांबलं. लॉगइन न करता यूट्यूब मात्र पाहता येत होतं. सर्व्हरांची तिथे कमतरता नव्हती. जागेचा वाटा ठरवणाऱ्या एका स्वयंचलित यंत्रणेने या सेवेचा वापर चुकून शून्य धरला आणि तिचा वाटा कापला. तो निर्णय सगळ्या सर्व्हरांना एकदम लागू झाला.

तेव्हा नेटवर्क सांभाळणाऱ्यांना माझी विनंती आहे. स्विच आणि राउटरवर, या सर्व्हरांना न विचारता चालणारं एक स्थानिक खातं ठेवा, त्याचा पासवर्ड लिफाफ्यात बंद करून कुलपात ठेवा. आणि वर्षातून दोनदा, सर्वांना आधी कळवून, कामाच्या दिवशी मुख्य सर्व्हरची केबल तासभर काढा. सुट्टीच्या दिवशी नको, कारण तेव्हा लॉगइन करायला कुणी नसतं. त्या तासात कुठून कुठून फोन आले ते लिहून घेतलं, की कोणत्या यंत्राच्या यादीत दुसऱ्या सर्व्हरचा पत्ता कधी भरलाच गेला नव्हता ते कळतं.